खोली बंद आहे

तो पहिल्यांदा शिंप्याच्या दुकानात आला त्या दुपारी ऊन असं होतं की रस्त्याचं डांबर लोकांच्या चपला ठेवून घेत होतं, समोरचा कुत्रा आपल्याच सावलीत मावायची खटपट करत होता, आणि दुकानातली इस्त्री कोणी हात न लावता तापली असती तरी मास्तरांनी मान वर करून पाहिलं नसतं. अशा वेळी दारात एक माणूस उभा राहिला. अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर, त्यावर बिनबाह्यांचा दुसरा, गळ्याला मफलर, डोक्याला कानटोपी, आणि चेहरा असा, की आपण काही जगावेगळं करतोय याची त्या चेहऱ्याला कोणी कल्पनाच दिलेली नसावी. मास्तरांची सरळ चाललेली टीप वाकडी होऊन पँटच्या खिशात शिरली. मास्तरांच्या हाताखाली कोपऱ्यात काजं करत बसलेल्या तिने ओठांत धरलेली सुई आधी काढून बाजूला ठेवली. हसताना सुई पोटात गेली असती तर कोणाला काय सांगायचं?

"ताई," तो म्हणाला, "या स्वेटरला आतून अस्तर लावून मिळेल का? जरा जाड असलं तर बरं."

"ताप आहे का तुम्हाला?" तिने विचारलं.

"नाही. ड्यूटी आहे."

मग त्याने सांगितलं ते असं. कोपऱ्यावरच्या विमा कचेरीत मोठे कॉम्प्युटर आले होते. अख्ख्या कचेरीचा हिशेब पोटात ठेवणारी ती यंत्रं कपाटाएवढी होती. त्यांच्यासाठी वेगळी खोली केली होती, खोलीला एसी लावला होता, आणि त्या खोलीची सगळी जबाबदारी याच्यावर होती. कचेरीत एवढी शिकलेली मंडळी असताना याचीच निवड का झाली, तर दार उघडून आत आल्यावर ते मागे लावून घेणारा त्या कचेरीत हा एकटाच माणूस होता.

"कॉम्प्युटरला उन्हाळा बाधतो," तो म्हणाला.

"मग हिवाळ्यात चालवा."

"थंडीपण बाधते. आणि एकदम गारातून गरमात नेलं तर आतून घाम फुटतो."

"मग तो कॉम्प्युटर नाही," ती म्हणाली, "जावई आहे."

मास्तर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तो मात्र हसला नाही. त्याने त्यावर विचार केला आणि मान डोलावली, कारण त्याला ते पटलं होतं. तो गेल्यावर मास्तरांनी त्याचं नाव थंडोबा ठेवलं. कचेरीतल्या लोकांनी ते आधीच ठेवलेलं होतं हे नंतर कळलं. काही माणसांची नावं अशी अंगावरच लिहिलेली असतात.

थंडोबा स्वेटर न्यायला आला. मग स्वेटरचं बटण तुटलं म्हणून आला. मग मफलरचं बटण तुटलं म्हणून आला, तेव्हा मफलरला बटण नसतं हे मास्तरांनी त्याला शांतपणे सांगितलं आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "पोरी, याचं माप घेऊन टाक एकदाचं."

तिने घेतलं. पहिल्या भेटीत आपल्याला ताई म्हटल्याचं मात्र तिने त्याला लग्नानंतरही विसरू दिलं नाही. घरात काही सांडलं, विसरलं, करपलं, की ती म्हणायची, "ताईचं चुकलं, भाऊ." थंडोबा लाजायचा. लाजलेला थंडोबा दिसायला बरा होता, हे तिचं सुरुवातीच्या काळातलं मत.

घर वरच्या मजल्यावर होतं, गच्चीच्या बरोबर खाली. तिने खिडकीपाशी आपलं शिलाई मशीन टाकलं आणि मास्तरांकडचं काम घरी आणून करू लागली. पण पहिलं मोठं काम मिळालं ते नवऱ्याकडूनच. कॉम्प्युटरच्या खोलीच्या खिडक्यांना पडदे हवे होते. ऊन रोखणारे, दुहेरी, मध्ये जाड अस्तर. तिने असे पडदे शिवले की लग्नात कोणी नवऱ्यामुलीलासुद्धा एवढं नटवलं नसेल. कडेने गोट, वर चुण्या, खाली वजनाला दोरी. थंडोबाने ते लावले आणि घरी येऊन सांगितलं, "बावीस." त्याच्या तोंडी एवढं मोठं कौतुक पूर्वी कधी आलं नव्हतं. बावीस अंशांवर काटा थांबला की यंत्रं सुखात असतात, आणि यंत्रं सुखात असली की थंडोबा.

त्या उत्साहात तिने यंत्रांना खोळीही शिवल्या. निळ्या कापडाच्या, अंगाबरोबर बसणाऱ्या, समोर काज-बटणं. थंडोबाला त्या इतक्या आवडल्या की त्याने यंत्रं चालू असतानाच त्यांना घातल्या. संध्याकाळपर्यंत खोलीत करपल्यासारखा वास सुटला. मुख्य कचेरीतून इंजिनिअर धावत आला, त्याने बटणं काढली, आतून वाफ यावी तशी गरम हवा आली, आणि तो थंडोबाला म्हणाला, "स्वेटर तुम्ही घाला हो. यांना कशाला? यांनी श्वास कुठून सोडायचा?" थंडोबा हिरमुसून घरी आला. तिने खोळी उसवल्या आणि त्यांचे उशांचे अभ्रे केले. बराच काळ ते दोघं कॉम्प्युटरच्या कपड्यांवर डोकं ठेवून झोपत होते, आणि ती सांगायची, "याच्यामुळे तुम्हाला स्वप्नंसुद्धा बावीस अंशांची पडतात."

त्या इंजिनिअरने जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली आणि सगळ्यांच्या वाटेत काटे पेरले. तो म्हणाला, खोलीत गर्दी करू नका, नुसता बसलेला माणूससुद्धा शंभर वॅटच्या दिव्याएवढी उष्णता सोडतो. बोलायच्या ओघात बोलला असेल. पण थंडोबाला त्या दिवसापासून माणसं दिसेनाशी झाली, दिवे दिसू लागले. कागद घ्यायला तिघं आत आले की तो म्हणायचा, "दोन दिवे बाहेर." दार अंगापुरतंच उघडायचं, आडवं होऊन आत शिरायचं, असा नियम झाला. कॅशियर आडवा झाला तरी उभ्याएवढाच राहायचा, म्हणून त्याचे कागद थंडोबा बाहेर आणून देऊ लागला. टायपिस्टबाईंनी एकदा पाण्याची बाटली गार करायला आत ठेवू का म्हणून विचारलं. त्याने नाही म्हटलं. तुम्ही स्वतः शंभर वॅट, वर बाटली.

"अहो, आम्ही बायांनी घरोघरी हेच दिवे लावलेत," टायपिस्टबाई म्हणाल्या, आणि हा विनोद कचेरीत पुष्कळ दिवस चालला.

हिवाळ्यात तऱ्हा उलटी. एका वर्षी अशी थंडी पडली की नळ सकाळी बोलेनात. यंत्रांना वीज गेल्यावर आधार देणाऱ्या बॅटऱ्या असतात, त्या गारठल्या की मान टाकतात, असं थंडोबाला कळलं. त्याने घरातली दुलई उचलली आणि बॅटऱ्यांच्या कपाटाभोवती गुंडाळली. अंगावर नाही, भोवती. खोळींपासून तो शिकला होता. घरी दोघं सतरंजी पांघरून झोपले. त्याच आठवड्यात एक नवा कॉम्प्युटर ट्रकमधून आला. सगळे तो चालू करून बघायला जमले, तर थंडोबा खोक्यापुढे आडवा हात धरून उभा. "गारठून आलाय. आधी त्याला खोलीची सवय होऊ दे. उद्या." घरी येऊन त्याने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिला वाटलं, हे अगदी बरोबर आहे, परक्या ठिकाणी आलेल्याला लगेच कामाला जुंपू नये. मग तिला आठवलं की ती लग्न करून या घरात आली तेव्हा थंडोबाने चपला काढता काढता म्हटलं होतं, "चहा टाकतेस का?"

तिने ते बोलून दाखवलं नाही. त्या काळात ती अशा गोष्टींवर हसायची.

पण वरच्या मजल्यावरचा उन्हाळा दरवर्षी जरा लवकर यायचा आणि जरा उशिरा जायचा. दुपारी छतातून काहिली उतरायची. मशीनचं चाक हाताला चटका द्यायचं. कपड्याला घाम लागू नये म्हणून ती मनगटाला फडकं बांधून शिवायची. संध्याकाळी थंडोबा घरी यायचा. दिवसभर बावीस अंशांत बसून आलेला माणूस तो. दारातच मफलर सोडायचा, हात चोळायचा आणि म्हणायचा, "वा. घरात काय छान ऊब आहे."

हे वाक्य तिने किती उन्हाळे ऐकलं कोणास ठाऊक. पहिल्यांदा हसू आलं, मग राग आला, मग राग यायचाही थांबला. पंखा आवाज करतो, त्याचं काहीतरी बघा, असं ती सांगायची. थंडोबा पंख्याखाली उभा राहून कान द्यायचा आणि म्हणायचा, "चालतोय की." खोलीतल्या थर्मामीटरचा काटा अर्ध्या अंशाने सरकला तर ज्याच्या तोंडचं पाणी पळायचं, त्याला बायकोच्या कपाळावरचा घाम दिसत नव्हता. खोटं कशाला बोला, दिसत होता. पण घामाला काटा नसतो.

मग एका संध्याकाळी थंडोबा छाती फुगवून घरी आला. मुख्य कचेरीतून इंजिनिअर आला होता. हा नवा, तरणा. दिवसभर खोलीत बसून त्याने वायरी जोडल्या, काढल्या, आपल्या छोट्या कॉम्प्युटरवर काय काय उतरवून घेतलं. जाताना थंडोबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, ही खोली आजपासून बंद."

"म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे बंद. कोणालाही प्रवेश नाही. कॅशियर नाही, टायपिस्ट नाही, साहेबसुद्धा नाहीत. इतक्या वर्षांनी कोणाला तरी कळलं, मी काय सांगत होतो ते."

तो इतका खूश होता की जेवताना दोनदा हसला. दारावर पाटी लावायची होती, पण कागद दमटपणाने वळतो, म्हणून त्याने तिला कापडावर अक्षरं काढून मागितली. तिने पांढऱ्या जाड कापडावर लाल दोऱ्याने भरून दिलं: खोली बंद आहे. अक्षरं ठसठशीत, कडेला बारीक वेल. वेल त्याने मागितली नव्हती. तीच तिची सवय, सांगितलं त्याहून थोडं जास्त करायची.

त्यानंतरचा उन्हाळा तिने कसाबसा काढला. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ती मशीनवर बसल्या बसल्या पुढे कलली आणि कपाळ चाकावर आपटलं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी डॉक्टरीणबाईंना आणलं. डॉक्टरीणबाईंनी छताकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "ही खोली आहे की भट्टी? दुपारच्या वेळी कुठे तरी गार जागी बसायला जा. आता एकदा पडलात, पुढच्या वेळी उठालच असं नाही."

गावात गार जागा एकच होती, आणि तिची किल्ली तिच्या नवऱ्याच्या कमरेला होती.

रात्री जेवताना तिने विषय काढला. फार जपून, महागाचं कापड कापावं तसा.

"दुपारी मी तुमच्या खोलीत येऊन बसले तर?"

थंडोबाने घास खाली ठेवला. "कुठल्या खोलीत?"

"तुम्हाला किती खोल्या आहेत? कोपऱ्यात बसेन. मशीन आणणार नाही, हातशिलाईच करेन. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"अगं, खोली बंद आहे."

"माहीत आहे. पाटी मीच भरलीय."

"मग?"

"तुम्ही बसताच ना आत?"

"मी ड्यूटीवर असतो."

"मी बायको आहे तुमची. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं ना?"

"सांगितलंस. मला काळजी वाटत नाही असं नाही." त्याला खरंच वाटत होती, चेहराच तसा झाला होता. "पण बायको झाली तरी शंभर वॅट ते शंभर वॅटच. आज तुला बसवलं तर उद्या साहेबांना नाही कसं म्हणू? माझ्या शब्दावर चाललंय सगळं. पडदा ओला करून लावत जा खिडकीला. पाणी पीत जा."

तिने ताटं उचलली. त्याला वाटलं तिला पटलं.

त्यानंतरच्याच आठवड्यात, गावातली दुकानंसुद्धा दुपारी दारं ओढून घेत होती अशा दिवसांत, थंडोबा स्वेटर घरी विसरला. खालच्या बाईंच्या फोनवर त्याचा निरोप आला. आत बसवत नाहीये, जमलं तर स्वेटर आणून दे.

खालच्या बाई म्हणाल्या, "जाऊ नका हो. काकडू दे एक दिवस."

पण ती निघाली. स्वेटर देताना दार उघडेल, आणि उघडल्यावर त्याला आपला चेहरा दिसेल, आणि दिसल्यावर तो आत घेईल, अशी एक आशा होती. ती तिने कोणाला सांगितली नाही. डोक्यावर पदर, काखेत दोन स्वेटर आणि अस्तर. अस्तर तिनेच लावलेलं. वाटेतल्या लोकांनी तिच्याकडे, तिने कधीकाळी थंडोबाकडे पाहिलं होतं तसंच पाहिलं असणार.

कचेरीच्या बोळकांडीत पोहोचली तेव्हा डोळ्यांपुढे ठिपके नाचत होते. तिने आपल्याच लाल अक्षरांवर टकटक केली. दार चार बोटं उघडलं. गार हवेची एक पट्टी तिच्या मनगटावर पडली, भाजल्यावर कोणी लोणी लावावं तशी. फटीतून हात बाहेर आला, त्याने स्वेटर घेतले.

"बस त्या बाकावर," आतून थंडोबा म्हणाला. "नोंद करतो आणि आलोच."

दार लागलं. ती बाकावर बसली. पट्टी मनगटावरून हळूहळू निघून गेली. मग भिंत वाकडी झाली आणि ती बाकावरून खाली आली.

टायपिस्टबाई धावत आल्या, दारावर थापा मारू लागल्या. थंडोबा बाहेर आला. नियमाप्रमाणे, आडवा होऊन. त्याने बायको जमिनीवर पडलेली पाहिली, त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आणि त्याच क्षणी त्याचा हात मागे गेला, त्याने पडदा सरळ केला, दार लावलं, नीट लागलं की नाही ते ढकलून पाहिलं. मग तो खाली वाकला.

ती पूर्ण बेशुद्ध नव्हती. हे सगळं तिने खालून पाहिलं.

"अहो, इथे काय बसताय? आत न्या वहिनींना," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"खोली बंद आहे," थंडोबाच्या तोंडून सवयीने गेलं.

"बंद आहे म्हणूनच म्हणते ना. न्या."

"अहो, बंद आहे. इंजिनिअर सांगून गेलाय. कोणाला प्रवेश नाही."

टायपिस्टबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "थंडोबा, बंद म्हणजे बंद झाली ती. काम सगळं मुख्य कचेरीत गेलं. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच. आत आहे काय? रिकामी खोकी आहेत."

"दिवे लागतात त्यांचे."

"वायर लावलीत तर दिवे लागणारच."

"रोज नोंद ठेवतो मी."

"कोण बघतं ती?"

कॅशियर मागे येऊन उभा होता. तो म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे. आम्ही म्हणायचो, थंडोबा भलता चालू निघाला. काम नाही, धाम नाही, गारव्यात बसून ड्यूटी." तो ओशाळला. "बघा ना, खोली बंद आणि माणूस चालू, असं आम्ही चेष्टेत म्हणायचो."

थंडोबा ओणवा होता तसाच राहिला. मग त्याने कमरेची किल्ली काढली, जरूर नसताना एकदा कुलपात फिरवली, आणि दार पूर्ण उघडलं. इतकं उघडलेलं ते दार कचेरीने कधी पाहिलं नव्हतं. टायपिस्टबाईंनी आणि कॅशियरने तिला धरून आत नेलं आणि थंडोबाच्या खुर्चीवर बसवलं.

गार होतं. तिने इतकी वर्षं मनात धरलं होतं त्याहूनही गार. तिचे पडदे उतरत्या उन्हाकडे पाठ करून चुणीन् चुणी नीट लटकत होते. दुलई बॅटऱ्यांभोवती होती, उन्हाळ्यातसुद्धा. सगळ्या यंत्रांवर हिरवे दिवे उघडझाप करत होते, बोलावंसं वाटणाऱ्या पण काही सांगायला नसलेल्या माणसासारखे. अंगावर काटा आला. श्वास जागेवर आला. बाहेर लोक जमले होते, आणि सगळे थंडोबाकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

थंडोबा भिंतीवरच्या थर्मामीटरपाशी गेला. त्याला तरी दुसरीकडे कुठे जायचं होतं? तो बराच वेळ काट्याकडे बघत उभा राहिला.

"किती?" तिने विचारलं.

"साडेबावीस," तो म्हणाला. मग, न राहवून, "अर्धा वाढलाय."

ती उठली. टायपिस्टबाईंनी धरायला हात पुढे केला, तो तिने बाजूला केला. दारापाशी जाऊन तिने वेलबुट्टीची पाटी खिळ्यावरून काढली, बोळकांडीतल्या नळाखाली चांगली भिजवली, पिळली नाही, तशीच डोक्यावर घेतली. पाणी कानामागून मानेवर उतरलं.

"थांब, मी येतो पोहोचवायला," थंडोबा म्हणाला. "फक्त खोली लावून घेतो."

ती थांबली नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पानाच्या टपरीत सावलीला बसलेल्या माणसाने तिच्या डोक्यावरची लाल अक्षरं वाचली आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

पुढच्या आठवड्यात ती धाकट्या बहिणीकडे गेली. तिथे तळमजल्यावर जागा होती, मशीनही मिळालं. ती परत आली नाही. थंडोबाच्या खोलीतला एसी काढून साहेबांच्या केबिनला लावला, पण तिथे दार मागे लावून घेणारं कोणी नव्हतं, तो चालला नाही.